तुमच्यासाठी राखलेली खोली

४ जून
आले बाई एकदाची लेकाच्या घरी, कायमची! खोली मला स्वतंत्र, खिडकीशी पलंग, सकाळचं ऊन थेट उशीवर. सूनबाई म्हणाली, आई, आता इथून हलायचं नाही. मी म्हटलं, हलवून तर बघ! शाळा चौथीपर्यंतच, पण लिहायची हौस दांडगी. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं आमचे हे म्हणायचे. गेले बिचारे, कोंबडीचे पाय राहिले. हां, तर लेकाने त्याचा जुना टॅब दिलाय. माझ्यासाठी नवाच की!

८ जून
टॅबमध्ये दुकानंच दुकानं. घेत काही नाही, नुसती हिंडते. जांभळी शाल पाहिली, पितळी घड्याळ पाहिलं, मऊ सपाता पाहिल्या. जाऊ तिथे दारातच विचारतात, कुकीज मान्य आहेत का. मी आपली ‘मान्य’वर बोट ठेवते. इतकं अदबीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. लग्नालासुद्धा!

११ जून
शाल हात धुऊन मागे लागलीय. बातम्या उघडा, कडेला शाल. विणकाम बघा, तिथेही शाल. सूनबाईने समजावलं, की कुकी म्हणजे दुकान आपल्या टॅबमध्ये ठेवून जातं ती खुणेची चिठ्ठी. पुढच्या खेपेला चिठ्ठी बघून ओळखतं, ही तीच बाई. काय पाहिलं, कुठे किती वेळ थांबली, सगळी नोंद. जाहिरातवाले मग त्याच खुणेवरून मागे मागे येतात. म्हटलं, अगोबाई, चाळीतल्या बायका बऱ्या! दोघी पोट धरून हसलो. पण खरं सांगू, बरं वाटलं. कुणाचं तरी लक्ष आहे माझ्याकडे.

१७ जून
आज एका वृद्धाश्रमाची जाहिरात आली. खिडकीशी खुर्चीत एकटी म्हातारी, शेजारी दुसरी रिकामी खुर्ची. हनुवटी अगदी माझ्या गेलेल्या थोरल्या बहिणीची! दोघं कामावर, घर चिडीचूप. तिला समोर ठेवून भाजी निवडली, चार सुखदुःखाच्या गोष्टी केल्या. आता रोज बसेन तिच्यापाशी.

२४ जून
रिकाम्या खुर्चीवर जांभळी शाल आहे. काल नव्हती. माझीच ती, पाहिलेली.

२६ जून
भिंतीवर पितळी घड्याळ. खुर्चीखाली सपाता. खाली लिहिलंय, खास तुमच्यासाठी. मी उघडत नाही तरी ती जाहिरात येते — बातम्यांत, विणकामात. लेकाला सांगायला गेले, तर तो आपल्या फोनमधून मान वर करून माझ्याकडे बघतच राहिला.

३० जून
लेक आज जवळ येऊन बसला. किती दिवसांनी! हात हातात घेतला. म्हणाला, खातं एकच, म्हणून ती जाहिरात माझ्याही फोनवर येते. टॅबमध्ये बघितलं, तू रोज तासन्‌तास तीच बघतेस. तिथे जावंसं वाटतं तर सांगायचं ना आई, मी नाही म्हटलं असतं का? डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरं पाणी. सूनबाईने श्वास सोडला, तोही ऐकला मी. सांगायचं होतं, अरे, मी नुसती तिच्याशी बोलत होते — पण त्याचा हात इतका ऊन होता. मान डोलावली.
टॅबलाही तेवढंच कळलं होतं. पोटच्या पोरालाही तेवढंच.

२ जुलै
चित्रातली म्हातारी गेली. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. खुर्च्यांचं तोंड आता माझ्याकडे.

४ जुलै
आश्रमातली खोली, चित्रातलीच खिडकी. शाल, घड्याळ, सपाता. लेक म्हणाला, तू पाहिल्या होत्यास ना, मागवून ठेवल्या. पायाला बरोब्बर बसल्या. गेला तो. गाडीचा आवाजही —
शेजारच्या खुर्चीत कुणीतरी आहे. वळत नाही मी. हनुवटी दिसतेय कडेनं —
भिंतीवरचा टीव्ही आपोआप लागला. विचारतोय, मान्य आहे का. खाली एकच बटण. मान्य.
दुसरं कुठंय? शोधतेय — तिने माझं बोट धरलंय — सोड गं — जन्मात पहिल्यांदा मला नाही म्ह