आईची पहिली हाक

बाबा,

बेकरीत पाळीला जातेय. आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रसादाचे गहू भिजत घातलेत, दुपारी उपसून फडक्यावर पसरा.

काल धक्क्यावर स्तामातिसकाका भेटले. महिनाभर एकटेच जाळी ओढतायत. म्हणाले, "बापाला सांग, मासे दुखवटा पाळत नाहीत. परवापर्यंत आला नाही, तर मी दुसरा जोडीदार बघतो."

मला वाटायचं, गजराने तुम्हाला जागच येत नाही. आज दारातून पाहिलं. फोनमधून आई म्हणाली, "पांतेली, ऊठ रे, उजाडायला आलं," आणि तुम्ही टक्क जागे, पुढच्या हाकेची वाट बघत पडलेले.

घरात तिचा क्रम ठरलेला होता. पहिली हाक गोड, दुसरीत तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार, तिसरीला पांघरूण ओढायचं. त्याआधी तुम्ही उठल्याचं मला तरी आठवत नाही. पण गजराला लावलेला हा निरोप तिने दवाखान्यातून धाडलेला. तिथून ती पांघरूण कशी ओढणार?

मी तो शेवटपर्यंत ऐकलाय, बाबा. पुढे नुसता तिचा खोकला आहे. उद्या पहिल्याच हाकेला उठा.

सेवास्ती