निंबर्गा केंद्र बंद

४ जाने.
घरी येऊन नऊ दिवस. रानात तूर काढायलेत, भाऊ बोलवायलाय. जात न्हाई.
पारावर विचारतात, "जहाजावर रेडिओ चालवायचास म्हणं?" व्हय म्हणतो. मालकानं जहाज बंदराबाहेर टाकून दिलं, सात महिने नांगरावर. मी इलेक्ट्रिशियन, पण दिवे लावायला डिझेल कुठं? वायरलेस तेवढा बॅटरीवर. संध्याकाळी सहाला त्याच्या माईकला मोबाइलवरची गाणी लावायचो. मराठी, कन्नड, हिंदी. मधी माझी बडबड, आपल्या गावाचं नाव घेऊन, "हे निंबर्गा केंद्र, पाण्यावरून." परवानगी कसली! आजूबाजूची अडकलेली जहाजं ऐकायची.

७ जाने.
बसूच्या वडलांचा फोन, बिदरच्या नौबादहून. "पोरगा तुमचं नाव घ्यायचा. या एकदा."
बसू शेजारच्या जहाजावर. रोज फर्माईश. "अण्णा, एक कन्नड लाव की." तोंड कधी बघितलं न्हाई. मधी अर्धा मैल पाणी.
सुवर्णा म्हणली, जाऊन या. बायकोला तरी कुठं माहीत...

१० जाने.
गेलो न्हाई.
इथं लिहितो. बंदरावरून ताकीद आलती, परत गाणी वाजवली, बडबड केली तर केस. भ्यालो. केंद्र बंद. पाचव्या दिवशी बसूचा आवाज. "अण्णा, हायस का? ताप हाय. बोल की कायतरी." माईक हातातच होता. बटण दाबलं न्हाई. तीन संध्याकाळ हाका. चौथ्या दिवशी न्हाई.
त्यांच्या कप्तानानं डॉक्टर मागवला होता. बोट उशिरा आली. त्याला गुंडाळून नेलं.

११ जाने.
सुवर्णाला सांगितलं. भाकरी थापायची थांबली.
"तुमच्या बोलण्यानं ताप उतरला असता व्हय?"
न्हाई.
"मग?"
एकटा गेला नसता.

१५ जाने.
आळंदहून गुलबर्गा, तिथून बिदर. बसूचे अप्पा दारातच. "शरणु शरणार्थी. या." बसूच्या आईनं चुरमुऱ्याचा सुसला पुढं ठेवला. अप्पा म्हणले, "तुमचा आवाज आला की घरी बसल्यागत वाटतं म्हणायचा. शेवटी काय बोलला तुमच्याशी?"
खोटं ठरवून गेलतो. जमलं न्हाई. सगळं सांगितलं. आई उठून आत गेली.
"ऐकू येत होतं तुम्हाला?"
व्हय.
"तिन्ही दिवस?"
व्हय.
बशी तशीच सोडून निघालो.

२३ जाने.
एजंटचा फोन, नवं जहाज. बघतो म्हणालो. सहा वाजले की हात मोबाइलकडं जातो अजून.

२ फेब्रु.
अप्पांचा फोन. "त्याची सामानाची पेटी आलीया जहाजावरून. त्याची आई कुणाला हात लावू देईना. तुम्ही येता का उघडायला?"
"मी कामून?" तोंडातून गेलंच.
"तिथं त्याला जवळचं दुसरं कोण होतं?"
रागानं म्हणले का कसं, कळलं न्हाई. फोनवरचं सुवर्णाला सांगितलं. तिनं पिशवी भरायला घेतलीया. दोघांचे कपडे.