बापूंच्या दालनात पप्पा

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज एका शाळकरी मुलीचा प्रश्न मी टाळला.

औशाहून मुलींची सहल आमच्या गांधी दालनात आली होती, दाखवायला मी होते. नेहमीसारखं चाललेलं — चरख्याचं चाक फिरवलं की भिंतीवर फिल्म सुरू होते, मिठाच्या परातीत हात घातला की समुद्राचा आवाज येतो. मुली खूश. शेवटी ‘बापूंना विचारा’. माइकवर प्रश्न विचारायचा, पडद्यावरचे बापू उत्तर देतात. दीपाली नावाच्या मुलीनं विचारलं, आमच्या लोकांना मिळालेल्या वेगळ्या मतदारसंघांविरुद्ध तुम्ही येरवड्यात उपोषण का केलं?

बापू म्हणाले — क्षमा करा, हा प्रश्न मला समजला नाही.

ती माझ्याकडं वळली. “ताई, तुम्ही सांगा की.”

आणि मला सांगता येत होतं! पुणे करार न ऐकता आमच्या घरात कुणी मोठं होत नाही. पण मागं अण्णाराव सर उभे होते, आमचे व्यवस्थापक. मी म्हणाले, ते आजच्या विषयात नाही, दुसरं विचार. तिनं माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं — महामाया, बुद्धांच्या आईचं — आणि रांगेतून बाजूला झाली.

सर नंतर म्हणाले, छान सांभाळलंत, इथं वाद नको.

१९ सप्टेंबर

सरांचं ते ‘छान’ दिवसभर अंगाला चिकटून होतं.

२७ सप्टेंबर

पप्पांना माझं काम बघायचंय. म्हणे, सगळ्या लातूरनं बघितलं, मीच राहिलो. मी म्हणाले, सध्या पास लागतो. चक्क खोटं. कुणालाही येता येतं.

पण त्यांनी येऊन तोच प्रश्न विचारला तर? जन्मभर एस.टी.त कंडक्टर. आवाज मागच्या सीटपर्यंत पोचणारा. आणि माझी नोकरी डिसेंबरपर्यंतच्या करारावर. सरांच्या मनावर आहे पुढचं सगळं.

पप्पा बरं म्हणाले. पासाबद्दल एक शब्द विचारला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

यंदा धम्मचक्र दिन आणि गांधी जयंती एकाच दिवशी. आई-पप्पा विहारात, मी ड्युटीवर. दालनात ही गर्दी! सर पुण्याच्या पाहुण्यांना फिरवत होते. दुपारी रांगेत बघते तर पप्पा! पांढरे कपडे, खिशाला पंचशील ध्वजाची पिन, काखेत जुनी पिशवी. विहारातून थेट आलेले. माझ्याकडं बघून नुसते हसले. जवळ आले नाहीत.

चरखा फिरवला. मिठात हात घातला. मग माइकसमोर उभे राहिले. आता विचारणार! त्यांनी पडद्याकडं बघून हात जोडले.

“तब्येत कशी हाय तुमची?”

बापू म्हणाले, क्षमा करा, हा प्रश्न मला समजला नाही. पाहुणे हसले. मागची पोरं हसली. मीही हसले. हसले मी!

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्या ओळखीचे आहेत का? बहुतेक मी सारखी तिकडंच बघत होते म्हणून. सर माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, “गावाकडचे आहेत.”

पप्पा चार हातांवर होते. ऐकू गेलंच असणार. त्यांनी पिशवी सारखी केली आणि इतर लोकांसारखे बाहेरच्या बाणाकडं चालू लागले.

मी घरी आले तेव्हा ते आईला सांगत होते, पोरगी लई नीट बोलती, सगळे गप ऐकत्यात. मला म्हणाले, पाय दुखले असतील, बस. खीर वाढली त्यांनीच.

ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

३ ऑक्टोबर

भीती होती की लाज? दोन्ही म्हटलं की सुटल्यासारखं वाटतं, म्हणून ते लिहीत नाही. त्यांच्या प्रश्नाची भीती होती, मान्य. पण त्यांनी प्रश्न विचारलाच नव्हता. साधी तब्येत विचारली, आणि तरीही मी ओळख दिली नाही. मग ती लाजच. त्या पिशवीची, त्या आवाजाची. त्याच माणसाच्या पगारावर मी एम.ए. झाले.

४ ऑक्टोबर

सकाळी चहा देताना मी म्हणाले, पप्पा, परवा… ते म्हणाले, साखर कमी झाली बघ. उठून अंगणात गेले.

६ ऑक्टोबर, सोमवार

चहाच्या वेळी अण्णाराव सर म्हणाले, “ते तुमचे गावाकडचे काका सज्जन होते हो. पाहुण्यांची वाट बघत दारात होतो तेव्हा मी विचारलं, इथं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का? म्हणाले, न्हाई साहेब, कुणीच न्हाई.”

म्हणजे माझ्याआधीच त्यांनी आमची ओळख लपवली होती. दारातच.

मी कप खाली ठेवला. म्हणाले, “सर, ते माझे वडील आहेत.”