राणीची खिडकी

प्रिय (पाठवायचं नाही, तेव्हा म्हणायला हरकत नाही),

महाल तळ्याच्या मधोमध, आणि सगळे जमल्याशिवाय नाव परत सुटत नाही. नाहीतर पाहुण्यांत तुला पाहताच मी गाइडचं काम टाकून निघालो असतो.

तुझे यजमान म्हणाले, महालाच्या आवारातलं देऊळ महालाआधीचं. मी शिलालेख दाखवून ते खोडून काढलं. शाळा सुटली तरी माझं वाचन सुटलेलं नाही, हे तुला कळावं म्हणून.

"हा सगळं तुलाच सांगतोय. ओळखीचा आहे का गं?" त्यांनी हसत विचारलं.

"छे! दादा, राणीची खिडकी कुठली हो?"

ज्याच्याशी लग्न करायचं म्हणून घरी भांडलीस, त्याला दादा. मी खिडकी दाखवली, जाळीच्या नक्षीसकट. तुला ताई म्हणणं मात्र जमलं नाही. नावेतून उतरताना नुसतंच म्हणालो, "पायरी ओली आहे, जपून."

तुझा कोणीही,
पण दादा नव्हे