तिसऱ्या अंकात बाप उभा

२८ मार्च १९९८, नागपूर
ऑक्सिजनची नळी काढली. श्वास आपला आपण येतोय. खोल घेतला की उजवीकडे टोचतं.
डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "पोटरीतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली. लहान होती म्हणून बोलताय." मग विचारलं, "पाय कोणी चोळला होता का?"
"नाही," मी म्हटलं.
सुलू खिडकीबाहेर बघत राहिली. बायको आहे, खोटं ओळखते.

२९ मार्च
झोप नाही, म्हणून लिहून ठेवतो. नाटकांच्या सिझनचा शेवटचा प्रयोग करून परतताना सिंदेवाहीच्या पुढे रानडुक्कर आडवं आलं. गाडी एकीकडे, मी एकीकडे. नडगीची दोन्ही हाडं गेली. चंद्रपूरला आत सळई टाकली आणि मूलला घरी पाठवलं. घरी पाय सुजला. थोरली बहीण, शेवंताबाई, गावाहून सेवेला आली होती. मोहाचं तेल कोमट करून पोटरी चोळायची. "रगत गोठलं हाय गा, मोकळं करून देतो." बरं वाटायचं. मीच म्हणायचो, अजून दाब. एका सकाळी तिच्या हाताखालीच माझा दम कोंडला.
आमच्याकडे दुखलं की चोळतात. लेकराला चोळतात, बाळंतिणीला चोळतात, बैलालाही चोळतात. तिचं काय चुकलं?
इथे एका नर्सनं तिला सांगून टाकलं, चोळल्यानंच झालं. बाई कुणाशी न बोलता गावी निघून गेली.

६ एप्रिल, मूल
घरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने. मांडीपर्यंत घट्ट मोजा. फार वेळ बसायचं नाही, फार वेळ एका जागी उभं राहायचं नाही.
डॉक्टरांना म्हटलं, "मी झाडीपट्टीतला नाटकवाला. बसून लिहितो, उभं राहून करतो. आता काय करू?"
"चाला," म्हणाले.
कुबड्यांवर न्हाणीघरापर्यंत. घाम.

१९ एप्रिल
रहीमभाई वडशाहून आले. कंपनीचे मालक. आंबे आणले, माझ्याआधी स्वतःच खाल्ले. दर सिझनला त्यांना एक नवं नाटक लिहून देतो आणि त्यातला बाप स्वतः करतो. यंदाचं अर्धं लिहून आहे. राखीपर्यंत नक्कल, म्हणजे पुरी संहिता, हातात हवी म्हणाले. देतो म्हटलं. आजवर तारीख चुकवलेली नाही.
मग मुद्द्यावर आले. "लिखना तो लेटे लेटे हो जाएगा, मास्तर. पन बाप कोन करन?"
"मीच."
"तिसऱ्या अंकात तुमचा बाप अर्धा अंक उभा हाय."
आहेच. नवरा सोडून आलेल्या पोरीला पंच चावडीत उभं ठेवतात. बापाला बस म्हणतात. तो म्हणतो, आधी माझ्या पोरीला बसायला जागा द्या, मग मी बसतो. आणि बसत नाही. सगळा अंक त्या न बसण्यावर आहे.
र.भा. म्हणाले, "लंगडा करून टाका त्याले. कुबडी द्या. पब्लिक ढसाढसा रडते."
"कुबडी दिली तर पब्लिक पायासाठी रडेल, रहीमभाई. मला पोरीसाठी रडायला हवंय."
आंब्याची कोय चोखून टाकली. "दिवाळीपर्यंत पाहू," म्हणाले.
तर आता हे ठरलं. दिवाळीनंतर पहिल्या प्रयोगाला तिसरा अंक दोन पायांवर, कुबडीशिवाय.

२ मे
ऊन भयंकर. मोज्याच्या आत पाय शिजतो. सुलू ओल्या फडक्यानं वारा घालते आणि वर ऐकवते, "हिरोईनीचे मोजे घालून बसले माझे हिरो."
रक्त तपासायला चंद्रपूर. एस.टी.त मधल्या वाटेत उभा राहून पाय हलवत गेलो. कंडक्टर म्हणाला, "बसा ना जी, जागा हाय." काय समजावणार.
रक्त जास्तच पातळ निघालं. गोळी अर्धी.

१४ मे
दाढी करताना जरासं कापलं. रक्त थांबेना. टॉवेल लाल. सुलू घाबरली, मीही घाबरलो. दाढी बंद. बापाला दाढी शोभेल.

७ जून
जनार्दन आला. कंपनीचा विनोदी नट, तोंड बंद नसतं. मी पडून सांगतो, तो लिहून घेतो. अक्षर माझ्यापेक्षा बरं.
"मास्तर, रगत पातळ झालं म्हनता, मंग संवाद काऊन एवढे घट्ट लिहून राह्यले? आमच्या तोंडात फसतेत."
हसताना छातीत टोचलं नाही. हे संध्याकाळी लक्षात आलं.

२५ जून
एक कुबडी सुटली. सळईवर हाड धरतंय, फोटोत दिसलं. पण संध्याकाळी पाय धानाच्या पोत्यासारखा होतो. हाड दिसतं, शीर दिसत नाही. भीती शिरेचीच.

१० जुलै
रात्रीपासून मांडी दुखली. सकाळी ब्रह्मपुरीला सोनोग्राफी. नवीन गुठळी नाही. जुनी शीर अर्धी उघडली आहे, अर्धी बुजलेलीच राहील म्हणाले.
परतताना सुलूनं स्टँडवर भजी घेतली. दोघांनी उभ्यानं खाल्ली.

२ ऑगस्ट
तिसरा अंक संपवला. शेवटचं भाषण कापून कापून अर्धं केलं. पायासाठी नाही. ते लांबलं होतंच. (पायासाठी थोडं.)
राखीच्या आत नक्कल वडशाला.

८ ऑगस्ट
राखी. शेवंताबाई आली नाही. तिच्या गावच्या माणसाबरोबर राखी पाठवली. निरोप, "भावाले म्हना पाय जप. मी तोंड दाखवत नाई."
त्याच्याचकडे उलट निरोप दिला की डॉक्टर काय म्हणतात ते म्हणोत, गुठळी आधीपासून होती, मी तुझ्यावर कधी...
नीट सांगता आलं नाही. त्यानं किती पोचवलं कोण जाणे.

३० ऑगस्ट
काठीवर. रोज पहाटे धान गिरणीपर्यंत आणि परत. गिरणीवाला विचारतो, "मास्तर, काल कोंड्यात पाय घसरला नाई ना?" त्याला माझ्यापेक्षा काळजी.
संध्याकाळी तिसऱ्या अंकाची तालीम स्वयंपाकघरात. सुलू चुलीपाशी, पोरीचे संवाद तिचे. मी दाराच्या चौकटीत. भात उकळून उतू गेला तरी तिनं संवाद सोडला नाही. मी शेवटापर्यंत पोचलो नाही, पोत्यावर बसलो.
"बाप बसला," ती म्हणाली. "पंच जिंकले."
राग आला. उद्या पुन्हा.

१२ सप्टेंबर
उभा राहिलो. शेवटपर्यंत. काठी भिंतीला होती. सुलूनं ताट वाढलं. त्यात खीर.

२० सप्टेंबर
र.भा.चा फोन शेजारच्या दुकानात आला. पहिला प्रयोग ठरला, शेवंताबाईच्या गावी. तिथल्या मंडळानं मागितला. "चलेगा?" मी लगेच हो म्हटलं. सुलूला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "त्या येनार नाईत." मी म्हटलं, गावात मंडप, आवाज घरात जाईलच.

५ ऑक्टोबर
गोळ्या बंद. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, "आता पाय तुमच्या ताब्यात. अचानक सुजला आणि गरम लागला तर नाटक सोडून थेट दवाखाना. अंक पुरा करायचा नाही."
"अर्धा अंक?"
"मी तुमचं नाटक पाहिलं नाही, तरी तुम्हाला ओळखतो," म्हणाले.
गोळीची सुट्टी म्हणून आनंद व्हायला हवा. उलट वाटतंय, वरचं छप्पर काढलं.

१३ ऑक्टोबर, वडसा
तालमी. दिवसातून दोनदा मैदानाला फेरी मारतो. आज फेरीवरून लवकर आलो तर पडद्यामागे बापाचं चावडीतलं भाषण चाललेलं. आवाज जनार्दनचा. मी बाहेरच थांबलो.
चांगलं म्हणत होता. एकदाही हसू आणलं नाही. "माझ्या पोरीले बसाले जागा द्या," हे वाक्य मी आवाज चढवून वर नेतो, त्यानं खाली आणलं. तेही चालतं.
रागावलो. मग राग ओसरला. कंपनीनं तंबू, मोटार, ऑर्गनवाला सगळं लावलंय. बाप लागतोच. र.भा.नी सांगितलं असणार. आत जाताना मुद्दाम खाकरलो. जना लगेच बायकी आवाजात काहीतरी वाचायला लागला.

२० ऑक्टोबर, मूल
दिवाळी. दोन दिवस घरी. पाय ठीक. थोडा जड, पण तो आता जडच असणार.

२४ ऑक्टोबर, शेवंताबाईचं गाव
दुपारी पोचलो. मेटॅडोरमध्ये सामानाबरोबर, सुलूही. वाटेत दोनदा उतरून चाललो, पण रस्ता खराब, मध्ये बराच वेळ पाय दुमडूनच गेला.
उतरल्यावर पाहिलं, मोज्याच्या काठावर मांस फुगलंय. प्रवासाची सूज असेल. किंवा नसेल.
रंगपट म्हणजे शाळेची खोली. बाकावर आडवा झालो, पाय उशांवर. सुलूला सांगितलं. लपवायचं नाही असं मनाशी ठरवलेलं. तिनं हात लावला. "गरम हाय का नाई, मले समजून नाई राह्यलं. माझेच हात गार पडले."
जना एका डोळ्याला काजळ लावून आला. "मास्तर, म्या नक्कल उगीच पाहून ठेवली होती, हं. टाइमपास."
"माहीत आहे."
"माहीत हाय?"
"खाली आणतोस ते वाक्य. चांगलं आणतोस."
तो काजळाची डबी बंद करत राहिला. ती आधीच बंद होती.
र.भा. दारात. "मास्तर, ब्रह्मपुरीसाठी जीप उभी करून ठेवली हाय. तुम्ही म्हनाल तवा. प्रयोग होतेच, त्याची फिकर नका करू." वाईट वाटायला हवं होतं, पण हे ऐकून हायसं वाटलं.
मंडप भरायला लागलाय. शंकरपटाच्या शर्यतीतले बैल सोडून लोक थेट इकडे येतायत, ढोलांचा आवाज येतोय.
मग शेवंताबाई आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. दारातच उभी.
"ये ना वो, बाई."
"तुझ्या सुलोचनानं गावातली पोरगी धाडली होती. सूज आली म्हने."
"हात लावून पाह्य. गरम लागते का?"
मान हलवली, नाही. दोन्ही हात पदरात. मी मोजा खाली सरकवला आणि वाट पाहिली. शेवटी आली. दाबलं नाही, हाताची पाठ तेवढी टेकवली, लेकराचा ताप पाहतात तशी. मग दुसऱ्या पायाला. मग पुन्हा याला.
"थोडा कोमट वाटते," म्हणाली. "पन मले नाई समजत गा. मांगंबी समजलं नव्हतं."
हात काढला नाही मात्र.
माझा पहिला प्रवेश दुसऱ्या अंकात. चावडी तिसऱ्यात. पहिला अंक अजून सुरू व्हायचाय. तोवर पाय उंच. सूज उतरली तर मी, नाहीतर जीप. सुलूनं, जनानं, र.भा.नी, तिघांनीही विचारलं, ठरवणार कोण. मी म्हटलं, बाई ठरवेल.
बाई म्हणाली, "मी? मले काऊन मधात घेतं?" पण पायाशी स्टूल ओढून बसली.
बाहेर ऑर्गन लागलाय. जना दाढी चिकटवून घेतोय. ती विनोदी नटाची नाही, बापाची आहे. मी थांबवलं नाही.