सिस्टर बेनेडिक्टांसाठी दहा लिटर

३ डिसेंबर, सकाळ
सिस्टर बेनेडिक्टांचा फोन. वय ब्याण्णव, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. वीस तारखेला अहमदाबादला जाताना दुपारी सुरतला आमच्याकडे उतरणार. म्हणाल्या, शाळेत नाताळला करायचो ते आल्याचं फसफसतं सरबत मरण्याआधी एकदा प्यायचं आहे.

भुसावळच्या कॉन्व्हेंटात ते सरबत आंबवायचं प्लास्टिकचं पिंप घासायचं काम चार वर्षं फक्त माझ्याकडे होतं. माझ्याइतकं स्वच्छ कोणी घासत नसे, हे सांगायला नको. तरी सिस्टरनी मला एकदाही 'वेल डन' म्हटलं नाही. बँकेत तीस वर्षं काढली, तिथेही कोणी म्हटलं नाही, पण त्या लोकांकडून अपेक्षाच नव्हती. वीस तारखेला सिस्टर म्हणतील.

आलं किसून साखरेत विरजण लावलं.

५ डिसेंबर
ऑनलाइन मागवलेली बादली आली. दहा लिटर, खाली तोटी, झाकणात हवा सुटायची नळी. नवी वस्तू किती जणांचे हात लागून येते. तारेच्या घासणीने आतून चोळून काढली.

कामवाली सरलाबाई दारात उभी राहून म्हणाली, "बाई, पिलास्टिकले तार नका लावा. चरा पडतस." तिचा नवरा वाल्मिक पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये आहे. तिथे म्हणे रंगाच्या बादल्या मऊ फडक्यानेच धुतात. चऱ्यात जुना रंग बसला की पुढचा सगळा कपडा बिघडतो. मी सांगितलं, मी साड्या रंगवत नाहीये.

८ डिसेंबर
पहिली खेप भरली. नळीतून बुडबुडे. सोसायटीचे चेअरमन बन्सीलालभाई वास घेत वर आले. "बेन, आपण गुजरातमध्ये राहतो हों." मी विचारलं, नन दारू पिते असं तुमचं म्हणणं आहे का? लिफ्टची वाट न पाहता जिन्याने गेले.

११ डिसेंबर
आंबट. ओल्या मोज्यांचा वास. सगळं मोरीत. चूक पाण्याची.

जयंत म्हणाले, बादलीबरोबर पत्रक आलं आहे, ते वाच. कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला नवऱ्याने इंग्रजी पत्रक वाच म्हणून सांगावं? तरी त्यांनी मोठ्याने वाचलंच. कोमट पाणी, मऊ कापड, तोटी सुटी करून धुणे, उकळतं पाणी नको. व्याकरणाच्या सात चुका होत्या. व्याकरण येत नाही त्यांच्याकडून मी स्वच्छता शिकणार नाही.

दुपारी
उकळतं पाणी ओतलं. मग पुन्हा तार. आतून आता मस्त खरखरीत झाली आहे, म्हणजे मळ निघाला.

१२ डिसेंबर
झाकण बसत नाही. बादली एका बाजूला तोंड वाकडं करून बसली आहे. जयंतसारखी. चिकटपट्टी लावून दुसरी खेप भरली.

१५ डिसेंबर
वर पांढरी साय. चव पहिल्याहून वाईट. तोटी खोलली तर आत पहिल्या खेपेचा चिकट गाळ. आजच्या काळात कोणी नीट तोट्या बनवत नाही.

घासणी सापडेना. सरलाबाईने लपवली, याची खात्री आहे. दुकानातून दोन आणल्या.

सरलाबाईने वाटीभर विरजण मागितलं, घरी पोरांसाठी करून बघते म्हणाली. दिलं. शिकू दे.

१६ डिसेंबर
जयंत म्हणाले, नवी बादली आणू या, अजून वेळ आहे. नवी बादली म्हणजे ही मी बिघडवली असं कबूल करणं. विषय बंद.

आज तीनदा घासली. हाताची सालं निघाली.

१७ डिसेंबर, पहाट
तिसरी खेप. शेवटची. बादलीसमोर खुर्ची टाकून बसले आहे. देवा, एकदाच. दहा लिटर नको, एक पेला नीट होऊ दे.

२० डिसेंबर, दुपारी बारा
चव बघायची हिंमत नाही. पेल्यात पुदिना घातला. भरपूर पुदिना.

२० डिसेंबर, संध्याकाळ
सिस्टर आल्या. एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि हसल्या. म्हणाल्या, शैलजा, अगदी तीच चव.

मी डोळे पुसले. मग त्या पुढे बोलल्या. चार नाताळ हीच चव होती. तू पिंप घासायचीस आणि आम्ही सगळ्या जणी नाक दाबून प्यायचो. घासताना तुझा चेहरा इतका खुलायचा की मला कधी सांगवलं नाही. पाचव्या वर्षी तुला गोवर आला, पिंप कोणी घासलं नाही, आणि सरबत काय झालं होतं! मला ते प्यायचं होतं.

जयंत उठून आत गेले. हसायला, दुसरं काय.

तेवढ्यात सरलाबाईने पदराआडून बाटली काढली. पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली, तिनेच धुतलेली. टोपण उघडताच फस्स झालं. सिस्टर दोन पेले प्यायल्या. सरलाबाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वेल डन." तिला इंग्रजी येत नाही. मी भाषांतर करून सांगितलं.

सिस्टर गेल्यावर बादली सरलाबाईला देऊन टाकली. तिने उजेडात धरून आत पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "फरशी पुसाले चालई, बाई."

मी म्हटलं, थांब, आधी एकदा घासून देते.