यंत्र अजून टाकीतच आहे

बंगळूर, २१ मे

मल्हारदादा,

आई बरी असेल, कोकरं चरायला लागली असतील. मी ठीक आहे. फोनच करणार होते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि भोवती मेंढपाळांचा सगळा तळ कान देऊन. म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतेय.

आमच्या यंत्राचं तू विचारत होतास. लय छळतंय बघ. हवेतून निघणारी, डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणं उपग्रहावरून पकडायची आणि कुठल्या थरात किती ऊब, किती ओल ते सांगायचं, हे त्याचं काम. सध्या त्याला हवा काढून घेतलेल्या टाकीत ठेवलंय. समोर एक काळी पाटी. तिची ऊब आम्हाला पक्की माहीत असते, यंत्रानं तीच सांगायची. तर ओल मोजणारा भाग पाटी आहे त्याहून गार सांगतोय. सगळे डोकं धरून बसलेत.

कळलं ना, दादा? यंत्र अजून वर गेलेलंच नाही. तू मात्र तळावर सांगून ठेवलंस, "आमची राणी वरनं कराडवर नजर ठिवून हाय." आणि मी गप्प बसले. मला बरं वाटलं रे. आजवर तळ धुळामामाच्या शब्दावर उठला. आता तोच मला विचारतो, "राणी, मेंढरं कवा काढू?" मी म्हणाले, आठवडाभर थांबा. मोबाईलवर हवामानाच्या पानावर सूर्याचं चित्र होतं, त्यावरून सांगितलं. दुसरं काही नाही.

आज त्या जागी पावसाचा ढग आलाय. खरं काय ते मला माहीत नाही. पण परवा फोनवर मामा म्हणत होता, "वारं फिरलंय, मेंढरं एकाला एक चिकटून हुबी ऱ्हात्यात." तू त्याला मधेच थांबवलंस, "आवं मामा, राणीला ठावं हाय." मामा पुढं बोललाच नाही. कराडचं नदीकाठचं काळं रान ते, एक वळीव झाला तर कोकरं चिखलातून निघायची नाहीत. एवढासा भाग चुकतोय म्हणून इथं आम्ही यंत्र जागचं हलू देत नाही. माझा शब्द मात्र तुम्ही तसाच उचललात.

हातातलं काम टाक आणि आधी मामाकडं जा. तो उठा म्हणाला तर आजच म्हसवडच्या कोरड्या माळाची वाट धरा. आणि सगळ्यांसमोर सांग, राणीला ह्यातलं काही कळत नाही. तुझी मान खाली जाईल. मला परत कुणी काही विचारणार नाही, तेही ठाऊक आहे. तरी सांग.

पावसातलं काही न कळणारी तुझी बहीण,
राणी